चार पोरं आणि एक वासट यंत्र

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तो साहित्य घेऊन. घरातला फ्यूज उडाला तर मेणबत्ती लावून शेजारच्यांना हाक मारतो. अशा माणसानं यंत्रमानवावर बोलावं, हे ऐकून आमच्या घरातच आधी हशा पिकला. पण या विषयाची गोडी मला लागली ती माझ्या भाच्यामुळे. तो आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकत होता. एका वर्षी त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी आमच्या बाहेरच्या खोलीचा पार ताबा घेतला. ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप, सायकलच्या चेनी, गाडीच्या वायपरच्या मोटारी, वायरींची भेंडोळी. माझी पुस्तकं पलंगाखाली गेली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची रोबोंची स्पर्धा होती, आणि पोरांना झोप माहीत नव्हती.

त्यांचं यंत्र देशपातळीवरच्या फेरीत मध्येच उभं राहिलं. कुठलीशी एक पिन निसटली होती. पाच महिन्यांची मेहनत एका पिनेवर गेली. भाचा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्याच वर्षी, म्हणजे २०१४ च्या ऑगस्टमध्ये, आशिया-पॅसिफिक देशांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली. मी त्याला म्हटलं, ‘चल, निदान बघून येऊ.’ आम्ही दोघं एस.टी.नं पुण्याला गेलो.

ही रोबोकॉन पुण्याला नवी नव्हती. २००८ साली ती इथंच झाली होती आणि तेव्हाचा विषय होता चक्क दहीहंडी. यंत्रांनी हंडीतलं लोणी काढायचं! २०१४ साली विषय होता आईबापांचा. एका मोठ्या यंत्रानं छोट्या यंत्राला लेकरासारखं उचलून सी-सॉवर, झोक्यावर न्यायचं. त्या झोक्याजवळ यंत्र जरा अडखळलं की सगळं प्रेक्षागृह ‘अरेरे’ म्हणायचं, आणि त्यात मीही होतो. व्हिएतनामच्या मुलांनी बाजी मारली.

परतीच्या गाडीत मी भाच्याला सहज म्हणालो, ‘पैसा लागत असेल रे या सगळ्याला.’ तो म्हणाला, ‘लागतो मामू. पण तुम्हाला फीनिक्सची गोष्ट ठाऊक नाही.’ मग त्यानं ती सांगितली. नंतर मी ती शोधून वाचली, पुन्हा पुन्हा वाचली. आज मला तीच सांगायची आहे. पण त्याआधी थोडा मागचा इतिहास सांगायला हवा, त्याशिवाय तिची गंमत कळायची नाही.

विद्यार्थ्यांनी यंत्रं बनवायची आणि ती एकमेकांसमोर उतरवायची, ही कल्पना रुजली ती अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये. आपल्याला एम.आय.टी. म्हटलं की कोथरूड आठवतं. ही बोस्टनजवळच्या केंब्रिज गावातली. तिथं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वुडी फ्लॉवर्स नावाचे एक तरुण शिक्षक यंत्ररचनेचा विषय शिकवत. त्या विषयाचा नंबर २.७०. फ्लॉवर्स यांच्या वर्गात प्रत्येक मुलाला एकेक पिशवी मिळायची. सगळ्यांच्या पिशव्यांत तेच सामान, आणि तेही किरकोळ. एक काम दिलेलं असायचं. त्या पिशवीतल्या सामानातून ते काम करणारं यंत्र बनवायचं, आणि सत्राच्या शेवटी सगळ्यांच्या देखत त्याचा सामना. सामान सर्वांचं सारखं, तेव्हा जिंकायचं ते डोक्यानं. मला हे ऐकून मुशायऱ्याची आठवण झाली. तिथंही पूर्वी सगळ्यांना एकच ओळ दिली जाई. वृत्त तेच, काफिया तोच. आता दाखवा काय करता ते.

फ्लॉवर्स यांच्या या वर्गापासून पुढे बरंच काही घडलं. डीन केमन नावाच्या संशोधकानं १९८९ साली ‘फर्स्ट’ नावाची संस्था काढली. खेळाडूंसाठी टाळ्या वाजतात तशा शाळेतल्या पोरांच्या यंत्रांसाठीही वाजाव्यात, ही त्यामागची इच्छा. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. फ्लॉवर्स तिच्यात सोबतीला होतेच. तिकडे जपानमध्ये मासाहिरो मोरी या प्राध्यापकांच्या प्रेरणेनं १९८८ पासून तिथल्या सार्वजनिक दूरदर्शनवर अशीच स्पर्धा सुरू झाली होती. तिच्यातूनच २००२ साली आंतरराष्ट्रीय रोबोकॉन निघाली. ती पुढे पुण्याला आली, आणि तिच्यापायी माझी बाहेरची खोली गेली.

यातलीच एक स्पर्धा पाण्याखालच्या यंत्रांची आहे. कॅलिफोर्नियात ‘मेट’ नावाचं केंद्र आहे. समुद्रातल्या तंत्रज्ञानाचं शिक्षण हे त्याचं काम. जहाज बुडालं, तेलवाहिनी फुटली, तर माणूस जिथं उतरू शकत नाही तिथं यंत्र उतरवतात. वर बसलेला माणूस ते दोरासारख्या लांब केबलनं चालवतो. अशी यंत्रं विद्यार्थ्यांनी बनवायची आणि तलावात उतरवून दाखवायची. २००४ च्या जूनमध्ये ही स्पर्धा कॅलिफोर्नियात, सांता बार्बरा इथल्या विद्यापीठात होती. आणि तिथं फीनिक्सहून चार पोरं आली होती.

फीनिक्स हे शहर ॲरिझोना राज्यात आहे. वाळवंटातलं शहर. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. शहराच्या पश्चिम भागात कार्ल हेडन हायस्कूल नावाची सरकारी शाळा आहे. तो भाग मजुरांचा, बहुसंख्य मुलं मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतली. त्या शाळेत दोन शिक्षक होते. ॲलन कॅमेरॉन कॉम्प्युटर शिकवत. दुसरे फ्रेडी लाजवर्दी, मूळच्या इराणी कुटुंबातले; ते समुद्रविज्ञान शिकवत. वाळवंटात समुद्रविज्ञान शिकवणाऱ्या या माणसाचं आडनाव वाचून मी थबकलो. लाजवर्द म्हणजे गडद निळा खडा. उर्दू कवितेत आभाळाला आणि पाण्याला लाजवर्दी म्हणतात. असो. या दोघांनी एका कागदावर स्पर्धेची सूचना लावली आणि मुलांना बोलावलं. चौघे टिकले.

ऑस्कर वास्केझ शाळेतल्या लष्करी छात्रपथकातला, आपल्या एन.सी.सी.सारख्या. शिस्तीचा मुलगा. फौजेत जायचं हे त्याचं स्वप्न होतं. क्रिस्टियन आर्सेगा हुशार, पुस्तकी. चाकांवरच्या घराला प्लायवूड ठोकून काढलेल्या इवल्याशा खोलीत राहणारा. लोरेन्झो सांतियान लांब केसांचा, टोळक्यांच्या नादाला लागता लागता वाचलेला. हाताचं काम मात्र सफाईदार. लुइस आरांदा धिप्पाड, मितभाषी, हॉटेलात स्वयंपाकी म्हणून काम करणारा. यंत्राची केबल सोडायची आणि ओढायची, ते वजन त्याच्याकडे. चौघेही मेक्सिकोत जन्मलेले. लहानपणी आईवडिलांचं बोट धरून सीमा ओलांडून आलेले, रीतसर परवान्याविना.

आता कुणी विचारेल, परवाना नसलेली मुलं सरकारी शाळेत कशी? त्याला आधार आहे तो १९८२ सालच्या एका निकालाचा. टेक्सास राज्यातल्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कागद नाहीत म्हणून मुलाला शाळेचं दार बंद करता येणार नाही. आईबापांच्या कृत्याची शिक्षा लेकराला नको. पण हा निकाल शाळेपुरता. बारावी झाली की ती सावली संपली. पुढे कॉलेजची सवलत नाही, नोकरीचा परवाना नाही, फौजेत भरती नाही. ऑस्करला हे कळलं तेव्हा तो छात्रपथकाचा गणवेश अभिमानानं घालत होता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. २००२ साली फीनिक्समधल्याच दुसऱ्या एका शाळेची मुलं सौरऊर्जेवर चालणाऱ्या होडीच्या स्पर्धेसाठी न्यूयॉर्क राज्यात गेली होती. जवळच नायगारा धबधबा. शिक्षकांबरोबर तो बघायला गेली, तर तिथं त्यांतल्या चौघांना सरकारी अधिकाऱ्यांनी अडवलं, चौकशी केली आणि देशाबाहेर काढण्याचा खटला भरला. तो खटला २००५ पर्यंत चालला. पोरांच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून त्यांना हटकलं गेलं, असं म्हणून न्यायाधीशांनी अखेर तो काढून टाकला. म्हणजे २००४ च्या जूनमध्ये, आपली चार पोरं गाडीत यंत्र घालून दुसऱ्या राज्यात निघाली तेव्हा तो खटला चालूच होता. शाळेची सहल ही त्यांच्यासाठी नुसती सहल नव्हती.

आता यंत्राकडे येऊ.

स्पर्धेचं काम असं होतं : तलावाच्या तळाशी बुडालेल्या पाणबुडीचा सांगाडा ठेवलेला. यंत्रानं खाली जाऊन त्याची लांबी मोजायची, खोली मोजायची, आत शिरून कप्तानाची घंटा बाहेर आणायची. एका पिंपाच्या अर्ध्या इंचाच्या नळीतून आतलं द्रव खेचून त्याचा नमुना वर आणायचा. अशी एकूण सात कामं. यंत्र चालवणाऱ्यांनी पाण्याकडे बघायचं नाही. यंत्रावरच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर दिसेल तेवढंच.

स्पर्धेत दोन गट होते. एक शाळांचा, एक कॉलेजांचा. या मंडळींनी नाव नोंदवलं कॉलेजांच्या गटात. त्यामागचा हिशेब मजेशीर होता. शाळांच्या गटात हरलो तर नाचक्की. मोठ्या कॉलेजांकडून हरलो तर कोण नावं ठेवणार? समोर एम.आय.टी. होती. बारा जणांचा संघ, पाठीशी एका मोठ्या तेल कंपनीचा पैसा, खर्च दहा हजार डॉलरच्या वर. आपल्या पोरांनी दारोदार मागून जमवले होते सुमारे ८०० डॉलर.

तेव्हा धातूचा सांगाडा परवडणार नव्हता. त्यांनी घेतले पीव्हीसीचे पाइप, आपल्याकडे मोरीला आणि संडासाला वापरतात ते. आता बघा, मी तांत्रिक माणूस नाही, पण हा भाग मला समजला आणि समजल्यावर फार आवडला. पाण्याखालच्या यंत्रानं बुडताही कामा नये आणि तरंगताही कामा नये. सोडलं तिथं राहिलं पाहिजे. बुडणारं यंत्र चालवता येत नाही, तरंगणारं खाली जात नाही. मग पोरांनी पाइपांची तोंडं बंद करून आत हवा कोंडली. ती हवा यंत्राला वर ढकलणार. बॅटरी वजनदार, ती खाली ओढणार. दोन्हींचा मेळ बसला की काम झालं. पाइपात किती हवा मावते याचा हिशेब क्रिस्टियननं मांडला. पाइप पोकळ असल्यामुळे वायरीही त्यांच्याच पोटातून नेता आल्या. एकाच स्वस्त पाइपानं तीन कामं केली : सांगाडा झाला, फुगा झाला, आणि वायरींची नळीही झाला.

बॅटरी वर काठावर ठेवायची की यंत्रावर, हा दुसरा प्रश्न. बहुतेक संघांनी ती काठावर ठेवली होती, कारण पाणी आणि वीज जवळ आणायला सगळेच भितात. पण काठावरून वीज खाली न्यायची तर केबल जाड हवी. जाड केबल जड असते, यंत्राला मागे ओढते, आणि लांब तारेत विजेचा जोरही कमी होतो. पोरांनी बॅटरी पाणी न शिरणाऱ्या पेटीत घालून यंत्रावरच बसवली. त्यामुळे केबल बारीक झाली आणि यंत्र मोकळेपणानं वळू लागलं.

लांबी मोजायला लेसरवर चालणारा मोजपट्टा होता, बांधकामावर असतो तसा. तो हवेत वापरण्यासाठी बनवलेला. प्रकाश पाण्यातून हवेपेक्षा सावकाश जातो, म्हणून तो मोजपट्टा पाण्यात अंतर फुगवून दाखवणार. मग आलेल्या आकड्याला १.३३ नं भागायचं. नवीन महागडं यंत्र घेण्याऐवजी एक भागाकार! पिंपातल्या द्रवासाठी त्यांनी छोटा पंप, तांब्याची नळी आणि एक फुगा जोडला. नळी भोकात घालायची, पंप सुरू करायचा, द्रव फुग्यात जमा.

पाइप जोडायला प्लंबर जे सोल्युशन वापरतात त्याचा वास तुम्हाला माहीत आहे. डोकं धरतं. कोंदट खोलीत आठवडेच्या आठवडे तो वास घेऊन पोरांनी यंत्राचं नाव ठेवलं ‘स्टिंकी’. आपण ‘वासट’ म्हणू. पाइपांना लाल, निळा, पिवळा रंग दिला. कुठला भाग कुठला ते रंगावरून कळावं म्हणून. एम.आय.टी.च्या यंत्राशेजारी ते लहान मुलांच्या खेळण्यासारखं दिसत असेल.

सांता बार्बराला पोचल्यावर सरावाच्या दिवशी घात झाला. ज्या पेटीत सगळी इलेक्ट्रॉनिक जुळणी होती, तिच्यातच पाणी झिरपू लागलं. वायरींचे डाखही निकामी झाले होते. दुसऱ्या दिवशी स्पर्धा. गळती नेमकी कुठं ते सापडेना, आणि नवी पेटी आणायला ना वेळ ना पैसा. तेव्हा लोरेन्झोच्या डोक्यात आलं की पाणी थांबत नसेल तर निदान ते शोषून घेणारं काहीतरी आत ठेवू. पण पेटीत जागा अगदी थोडी. लहानशी, पण भरपूर पाणी पिणारी वस्तू कुठली? मासिक पाळीत बायका वापरतात त्या कापसाच्या शोषक वळ्या, टॅम्पॉन. तो मुलगा दुकानात गेला, लाजेनं लाल झाला, आणि शेवटी एका अनोळखी बाईलाच विचारून पुडकं घेऊन आला. इकडे त्यानं आणि ऑस्करनं रात्री दोन वाजेपर्यंत केसासारख्या बारीक वायरींना पुन्हा डाख दिले. सकाळी पेटीत त्या वळ्या ठेवल्या, झाकण लावलं आणि यंत्र पाण्यात सोडलं.

ते चाललं. पिंपातल्या नळीत तांब्याची नळी गेली, फुगा भरला. सगळी कामं काही जमली नाहीत. आणि हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण ही गोष्ट सांगताना लोक अनेकदा हे गाळतात : पाण्यातल्या कामांत पहिला नंबर या पोरांचा नव्हता. तिथं एम.आय.टी. पुढेच होती.

मग ती जिंकली कशी?

या स्पर्धेत निम्म्याहून अधिक गुण पाण्याबाहेर होते. यंत्राचा लेखी अहवाल, आणि परीक्षकांसमोरची मुलाखत. परीक्षक समुद्रातल्या कामातले जाणकार, नौदलाशी, ‘नासा’शी संबंधित. ते प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारत. बॅटरी यंत्रावर का? लेसरच का? पाण्यात तो चुकतो, मग तुम्ही काय केलंत? पीव्हीसी का? आणि पोरांकडे प्रत्येक ‘का’ला उत्तर होतं. श्रीमंत संघाला पुष्कळ गोष्टी विकत घेता येतात. विकत घेतलेल्या वस्तूचा ‘का’ दुकानदाराकडे असतो. यांनी सगळं आपल्या अडचणीतून काढलं होतं, त्यामुळे प्रत्येक ‘का’ त्यांचा स्वतःचा होता. एका परीक्षकानं विचारलं, पडद्यावर दाखवायला पॉवरपॉइंट का आणलं नाही? क्रिस्टियन म्हणाला की लोक ते वापरतात तेव्हा काय बोलायचं हे त्यांना ठाऊक नसतं. मग तुम्हाला ठाऊक आहे? हो, सर.

मी आजवर अनेक कविसंमेलनांत बसलो आहे, नवोदितांच्या कविता तपासल्या आहेत. मलाही एकच प्रश्न विचारायचा असतो. हा शब्द इथं का? चांगल्या कवीकडे उत्तर असतं. इतरांकडे शब्दकोश असतो.

बक्षीससमारंभात आधी परीक्षकांचा एक खास पुरस्कार या शाळेला जाहीर झाला. पोरांना वाटलं, ही समजूत काढण्याची पद्धत. मग रचनेतल्या सौंदर्याचा पुरस्कार मिळाला. मोरीच्या पाइपांच्या यंत्राला! मग लेखी अहवालाचा. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नव्हती त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी अहवालाचा! आणि शेवटी एकूण पहिला क्रमांक : कार्ल हेडन हायस्कूल, फीनिक्स. दुसरा, एम.आय.टी. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी ज्या संस्थेत किरकोळ सामानाची पिशवी देऊन डोकं चालवायला शिकवलं गेलं, त्याच संस्थेला तोच धडा चार शाळकरी पोरांनी ऐकवला. फ्लॉवर्स यांच्या शिकवणीचा यापेक्षा मोठा विजय मला तरी दिसत नाही.

गोष्ट इथं संपवली तर ती गोड होईल. सिनेमा २०१५ साली आला, ‘स्पेअर पार्ट्स’ नावाचा, तो साधारण इथंच संपतो. पण मी ही गोष्ट सांगायला बसलो ती पुढच्या भागासाठी.

पहिला नंबर घेऊन पोरं फीनिक्सला परतली. वर्तमानपत्रात थोडंफार आलं आणि विरलं. ऑस्कर बांधकामावर भिंतींचे पत्रे ठोकायला लागला. २००५ साली जोशुआ डेव्हिस या पत्रकारानं ‘वायर्ड’ मासिकात त्यांच्यावर लेख लिहिला. वाचकांनी पैसे पाठवले, त्यातून शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. क्रिस्टियन आणि ऑस्कर ॲरिझोनाच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेले. लोरेन्झो पाकशास्त्र शिकला, पुढे त्यानं आणि लुइसनं मिळून जेवणाची ऑर्डर घेण्याचा व्यवसाय केला. २००६ साली ॲरिझोनाच्या मतदारांनी एक ठराव मंजूर केला : कागद नसलेल्या विद्यार्थ्यांना राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी नाही, त्यांनी बाहेरच्यांची चढी फी भरायची. क्रिस्टियनला ती पेलली नाही. त्यानं शिक्षण सोडलं. पाण्याखालच्या यंत्राचं गणित ज्यानं मांडलं तो मुलगा घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात कामाला लागला. अशाच दुकानात पीव्हीसीचे पाइप विकत मिळतात.

ऑस्कर चिकाटीनं टिकला. २००९ च्या मे महिन्यात तो यंत्र-अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. त्या पदवीदान समारंभात भाषण करायला राष्ट्राध्यक्ष ओबामा आले होते. आणि त्यानंतर ऑस्करनं एक अशी गोष्ट केली की ज्यासाठी धैर्य कुठून आणलं कोण जाणे. बायको अमेरिकन, पदरात लहान मुलगी. तरी तो आपण होऊन देश सोडून मेक्सिकोत गेला, कायदेशीर मार्गानं परत यावं म्हणून. तिथं त्याला सांगितलं गेलं की इतकी वर्षं परवान्याविना राहिल्याबद्दल १० वर्षं येता येणार नाही. अभियंता झालेला मुलगा मेक्सिकोतल्या कारखान्यात मोटारीचे सुटे भाग जोडत राहिला. इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन यांनी त्याची कहाणी सिनेटमध्ये मांडली. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्याला परवाना मिळाला. परत आल्यावर त्यानं काय केलं? फौजेत भरती झाला, आणि अमेरिकेचा सैनिक म्हणून अफगाणिस्तानात जाऊन आला.

अशा मुलांना नागरिकत्वाची वाट मोकळी करणारं विधेयक अमेरिकेत प्रथम २००१ साली मांडलं गेलं. २०१० च्या डिसेंबरमध्ये ते एका सभागृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं. २०१२ साली ओबामांच्या सरकारनं तात्पुरता दिलासा दिला. कायदा म्हणून ते विधेयक त्यानंतरही झालं नाही.

आपल्याला तिथल्या कायद्याचा न्यायनिवाडा करायचा नाही. सीमा प्रत्येक देशाला असतात, नियमही असतात. मला त्या दोन टेबलांचं नवल वाटतं. सांता बार्बराच्या टेबलावर त्या मुलांकडे एकच कागद मागितला गेला, तो यंत्राचा अहवाल. तिथला प्रश्न होता : हे तू असं का केलंस? त्यानंतर आयुष्यभर ज्या टेबलांसमोर ती उभी राहिली, तिथला प्रश्न होता : तू इथं कसा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतः कमावलं होतं. दुसऱ्याचं उत्तर देण्याचं त्यांचं वयच नव्हतं. सीमा ओलांडली तेव्हा ती पोरं होती.

कागदाचा धसका आपल्यालाही परका नाही. माझ्या वडिलांचं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरं होतं. लिहिणाऱ्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. वडील ते तिन्ही कागद पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळून ठेवत आणि पावसाळ्यात दोनदा उन्हात घालत. लहानपणी मला हसू यायचं. आता येत नाही.

भाचा सध्या नोकरीला आहे, बरं चाललं आहे. मध्यंतरी माळा साफ करताना त्यांच्या जुन्या यंत्राचा सांगाडा सापडला. मी म्हटलं, ‘भंगारवाल्याला देऊन टाकू का रे?’ तो फोनवर म्हणाला, ‘नको मामू. पिन कुठली निसटली होती ते अजून मला माहीत आहे.’ ते यंत्र आमच्या माळ्यावर अजून आहे. माझी पुस्तकं पलंगाखालून वर आली, पण त्याच्या शेजारीच ठेवली आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)